कोरियन गुन्हेमालिका जपानी करताना

आधी वेळेचा हिशेब करा. कोरियातले १६ भाग, प्रत्येकी तासाहून मोठे. जपानी वाहिनीवर १० ते ११ भाग, जाहिराती वगळून साधारण ४६ मिनिटांचे. निम्म्याहून जास्त मजकूर जातो. प्रत्येक प्रसंग थोडाथोडा छाटू नका, तपास घाईत उरकल्यासारखा दिसतो. एखादं उपप्रकरण अख्खं काढा.

मग कायदा. इथेच बहुतेक पटकथा फसतात. खुनाचा खटला भरण्याची मुदत जपानने २७ एप्रिल २०१० ला रद्द केली, कोरियाने २०१५ मध्ये. जपानमध्ये २७ एप्रिल १९९५ पूर्वीच्या खुनाची १५ वर्षांची मुदत तोवर संपलेली होती. त्यामुळे जुन्या गुन्ह्याची तारीख नव्याने ठरवा. ‘सिग्नल’सारख्या कथेचा (मूळ २०१६, जपानी रूप २०१८) सुरुवातीचा ताण याच मुदतीवर उभा आहे.

बोटांचे ठसेही तपासा. कोरियात ओळखपत्रासाठी प्रत्येक प्रौढाचे ठसे घेतात, जपानमध्ये तसं नाही. बेवारस मृतदेहाची ओळख ठशांवरून तासाभरात पटवलीत, तर जपानी प्रेक्षक हसेल. दातांची नोंद किंवा डीएनए वापरा.

कोरियातल्या सक्तीच्या लष्करी सेवेतली जुनी मैत्री असेल तर ती शाळेच्या बेसबॉल संघात हलवा. जपानमध्ये अटकेनंतर आरोपपत्राआधीची कोठडी एका गुन्ह्यासाठी सहसा २३ दिवसांपर्यंतच. कथेत ताण वाढवणारं घड्याळ म्हणून ती फार कामाची.