फ्लिप्ड क्लासरूम गावच्या शाळेत: या चुका टाळा

धड्याचे पहिले विवेचन मुलांनी घरी ऐकून यायचे आणि एरवी गृहपाठात ढकलले जाणारे काम शाळेत शिक्षकासमोर करायचे, एवढीच फ्लिप्ड क्लासरूममधील अदलाबदल आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आठवीला गणित शिकवताना मी ही पद्धत सुरू केली आणि पहिल्या महिन्यातच ती फसली. गावात नेटवर्क नाही, वीज टिकत नाही, ही कारणे सांगता आली असती आणि ती खोटीही नव्हती. पण बहुतेक चुका माझ्याच होत्या.

आधी व्हिडिओ, मग तासिकेचा विचार

क्षेत्रफळाच्या प्रकरणाचे व्हिडिओ तयार करण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या. समलंब चौकोनाचे सूत्र काही मुले खरोखरच पाहून आली, तेव्हा उरलेल्या चाळीस मिनिटांत त्यांच्याकडून काय करून घ्यायचे, हे मी ठरवलेच नव्हते. शेवटी मी तेच सूत्र पुन्हा फळ्यावर लिहिले. मुलांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला: सर उद्या शिकवणारच आहेत, तर आज कशाला पाहायचे?

म्हणून क्रम उलटा ठेवावा. तासिकेत मुले कोणते काम करतील ते आधी कागदावर लिहावे आणि त्या कामाला जेवढे लागते तेवढेच व्हिडिओत सांगावे. पुढच्या वेळी मी मुलांना शाळेमागच्या पडीक तुकड्यावर नेले. त्याच्या समांतर बाजू ३६ आणि २८ मीटर भरल्या आणि त्यांतील लंबांतर २५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर. घरी सगळे एकरात बोलतात, सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १०० चौरस मीटरचा एक आर आणि सुमारे ४० आरचा एक एकर, हे कळल्यावर तो तुकडा ८ आर, म्हणजे एकराचा जवळपास पाचवा हिस्सा आहे, हे मुलांनीच काढले. एका गटाचे उत्तर मात्र ८४० आले. त्यांनी उंची म्हणून तिरकी बाजू मोजली होती आणि ती २६ मीटरांच्या थोडी वर होती. हीच चूक घरच्या वहीत झाली असती, तर मी तिच्यावर लाल फुली मारून पुढे गेलो असतो. इथे टेप हातात असतानाच ती दिसली आणि लंबांतर म्हणजे काय हे त्या गटाला पुन्हा सांगावे लागले नाही.

मोबाईल घरात आहे, असे गृहीत धरणे

घरी स्मार्टफोन आहे का, असे मी वर्गात विचारले तेव्हा बहुतेक हात वर झाले. तो संध्याकाळी कोणाच्या खिशात असतो, हे मी विचारले नव्हते. हरभऱ्याच्या दिवसांत एका मुलीने सांगितले, “सर, मोबाईल तं बाबाजवळ रायते, अन् बाबा जागलीले जाते.” रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला बाप रात्री शेतात असेल, तर मुलीच्या वाट्याला तो फोन कधी यावा?

प्रश्न ‘फोन आहे का’ असा न विचारता ‘फोन तुझ्या हातात किती वाजता आणि किती वेळ येतो’ असा विचारावा. ज्यांच्या हातात तो येतच नाही, त्यांच्यासाठी तोच मजकूर एका पानावर आकृतीसह लिहून द्यावा. घरी करायचे काम व्हिडिओच असले पाहिजे, असा काही नियम नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरील साहित्य उघडते, पण त्यासाठी त्या क्षणी नेट लागते, म्हणून फाईल आकाराने लहान करून शाळेतच ब्लूटूथने द्यावी किंवा टीव्हीला चालेल अशी पेनड्राइव्हवर ठेवावी.

न पाहून आलेल्यांसाठी सगळा वर्ग थांबवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि ती दयेपोटी होते. वर्गातील निम्मी मुले न पाहता आली की शिक्षक सगळ्यांना सुरुवातीपासून शिकवू लागतो, आणि पाहून आलेली मुलेही दुसऱ्या दिवसापासून पाहणे सोडतात. त्याऐवजी न पाहिलेल्यांना मागच्या कोपऱ्यात एका फोनवर किंवा लोकवर्गणीतून आलेल्या टीव्हीवर तेवढा भाग पाहू द्यावा आणि बाकीच्यांचे काम सुरू करावे. वीज गेली, तर पाहून आलेल्या मुलानेच त्यांना समजावावे.

कोणाला किती कळले हे जोखायला एकच प्रश्न पुरतो, मात्र तो पाठांतराचा नसावा. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ज्या रीतीने शिकवतात, तिच्यात ३० टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर आली तर संकल्पना पुन्हा समजावतात, ७० टक्क्यांच्या वर आली तर पुढे जातात आणि मधल्या स्थितीत विद्यार्थ्यांना आपसांत चर्चा करायला लावून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. आमच्याकडे उत्तरे मोजायला यंत्र नाही. प्रश्नाच्या चार पर्यायांपैकी निवडलेल्या पर्यायाच्या क्रमांकाएवढी, म्हणजे एक ते चार बोटे मुले डोळे मिटून छातीशी धरतात, आणि मोजायला अर्धे मिनिट लागते.

आणखी काही

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांहून लांबवू नये आणि त्यात एकच संकल्पना असावी. ज्यांची घरची बोली गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी आहे, त्यांना पुस्तकी मराठीत सलग बोललेले झेपत नाही, म्हणून तिथे हळू बोलावे आणि आकृती हाताने काढत दाखवावी. सगळा विषय एकदम उलटवण्यापेक्षा एका प्रकरणापासून सुरुवात करावी. पालकांना आधी बोलावून समजावून सांगितले नाही, तर “मास्तर शिकवत नाही, मोबाईल पाहाले लावते” ही तक्रार शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत पोहोचते. माझ्याविषयीची पोहोचली होती. समितीच्या सदस्यांना एक तासिका पाहायला बसवल्यावर ती मिटली.

हजेरी घटली की पद्धत बंद करणे

दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की बाके रिकामी होतात, आणि पहिल्या वर्षी मी तेव्हाच हा प्रयोग गुंडाळला. वास्तविक या पद्धतीचा उगमच गैरहजेरीत आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, वुडलँड पार्क येथे, जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ती खेळांच्या सामन्यांसाठी दूर जावे लागून तास बुडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना त्यांनी डीव्हीडी करून दिल्या. आता वेचणीच्या दिवसांत मी गैरहजर मुलांची नावे वेगळ्या पानावर लिहितो आणि त्या आठवड्याचे व्हिडिओ व लिहिलेली पाने शेजारच्या मुलाबरोबर घरी पाठवतो. मूल परतले की आधी कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर बसते आणि मग आपल्या गटात जाते.