जनुकचाचणीच्या अहवालात ‘जीएआरएस१’ आढळल्यास तो कसा वाचावा

प्रथिने घडत असताना प्रत्येक अमिनो आम्ल योग्य त्या टीआरएनएला (अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूला) जोडून देण्याचे काम अमिनोॲसिल-टीआरएनए सिंथेटेज गटातील विकरे (एन्झाइम) करतात; जीएआरएस१ हे अशाच एका विकराचे जनुक आहे. अहवाल हाती आल्यावर आधी जनुकाचे नाव पाहावे. या गटातील जनुकाच्या नावाचे पहिले अक्षर अमिनो आम्लाचे असते (जी म्हणजे ग्लायसीन), तर शेवटचा १ पेशीद्रव्यातील आणि २ तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) विकर दर्शवतो. जीएआरएस१ मात्र दोन्हीकडचे विकर पुरवते.

त्यानंतर बदल जनुकाच्या एका प्रतीत आहे की दोन्ही प्रतींत, हे तपासावे. याच गटातील डीएआरएस२मुळे होणाऱ्या मेंदूच्या श्वेतद्रव्याच्या विकारात दोन्ही प्रती सदोष असतात, त्यामुळे एकेक सदोष प्रत बाळगणारे आईवडील निरोगी राहतात. आते-मामे भावंडांत लग्ने होतात अशा घरांत अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्यावरच होणाऱ्या, विकारांची शक्यता वाढते, म्हणून नात्यातील विवाहाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

जीएआरएस१ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या एकाच प्रतीतील बदलाने शार्को-मारी-टूथ २डी हा चेतातंतूंचा आजार होतो, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. त्यात बहुधा पायांआधी हात दुबळे होतात आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होत जातो. विकर निम्मे झाले म्हणून हे घडते, असा समज सहज होईल, पण तो अपुरा आहे. २०२१ मध्ये माश्या व उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की बदललेले विकर ग्लायसीनचा टीआरएनए धरून ठेवते, वेळेवर सोडत नाही, आणि प्रथिने घडवणारे रायबोसोम ग्लायसीनच्या संकेतापाशी अडकतात. उंदरांना त्या टीआरएनएचा जादा पुरवठा मिळाल्यावर आजार टळला. म्हणूनच एक प्रत नुसती बंद पाडणाऱ्या बदलापेक्षा एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आणणारा बदल येथे अधिक संशयास्पद मानावा.

बदलाचा क्रमांक जुन्या शोधनिबंधांशी ताडताना ५४चा फरक लक्षात ठेवावा. विकराला तंतुकणिकेत नेणारा त्याचा आरंभीचा भाग पूर्वी मोजत नसत, त्यामुळे तेव्हाचा जी२४०आर (२४०व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन) आज जी२९४आर असा छापला जातो. (हा घोळ अनुभवी वाचकालाही चकवतो.)

बदलापुढे ‘व्हीयूएस’, म्हणजे महत्त्व अनिश्चित, असा शेरा असेल तर त्याला निदान समजू नये आणि त्यावर गर्भधारणेसारखे निर्णय बेतू नयेत. अशा वेळी जनुकतज्ज्ञांच्या सल्ल्याने बाधित आणि निरोगी अशा दोन्ही नातलगांची चाचणी करून, बदल आजाराबरोबरच पुढच्या पिढीत जातो का, हे पडताळावे; मात्र हातांची तक्रार नसलेल्या तरुण नातलगाला निरोगी धरण्याची घाई करू नये, कारण लक्षणे उशिराही दिसू शकतात.