टेकडीवरची फुलझाडं दरवर्षी नेमकी सापडण्यासाठी

फेब्रुवारीत पेटलेला पळस पावसाळ्यात ओळखूच येत नाही, आणि पुढच्या वर्षी तो नक्की कुठे होता तेच आठवत नाही.

१. झाड फुललेलं असतानाच गूगल मॅप्सवर त्या जागी बोट दाबून धरा, पिन सेव्ह करा.
२. महिन्याच्या नावाची लिस्ट बनवून त्यात टाका, म्हणजे फेब्रुवारीत पळस-पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा, मेमध्ये करवंदाची जाळी (ही तर टाकाच!), जुलै-ऑगस्टमध्ये कळलावी, मग महिना लागला की लिस्ट उघडायची आणि घराजवळच्या टेकडीवर सुटायचं.
३. तिकडे रेंज नसेल तर घरूनच ऑफलाइन मॅप घेऊन ठेवा.

फक्त कळलावीचा पिन ग्रुपवर टाकू नका, लोक कंद उपटून नेतात, आणि तो विषारी असतो.