दोन ओळींची बेसबॉल कारकीर्द कशी वाचावी

क्लब क्रिकेटच्या स्कोअरशीटवर ज्याचा हात बसलाय, त्याला बेसबॉलचा तक्ता फार जड जात नाही. घोळ करते ती सरासरी. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, जेमतेम डोकावून गेलेल्या खेळाडूची ओळ समोर आली की मी सरासरीचा रकाना बोटाने झाकतो आणि आधी 'पीए' बघतो.

पीए म्हणजे गडी किती वेळा फलंदाजीला उभा राहिला. त्यातल्या ज्या खेपा सरासरीला धरतात, त्या 'एबी'. हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठलेल्या खेपा, भागिले एबी म्हणजे सरासरी. वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) मिळाला, अंगावर चेंडू बसला, तर ती खेप एबीत येत नाही. म्हणून पीएमधून एबी वजा करा. उरेल तिथे खरी हकीकत सापडते.

अ‍ॅडम ग्रीनबर्ग घ्या. पीए २, एबी १, हिट शून्य. सरासरी .०००. इथेच पान उलटलंत तर गेलात! एक खेप कुठे गेली? 'एचबीपी'च्या, म्हणजे अंगावर बसलेल्या चेंडूच्या, रकान्यात १ आहे. ९ जुलै २००५, शिकागो कब्जकडून पदार्पण, आणि समोरच्या मार्लिन्स संघाच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पहिलाच चेंडू डोक्यावर. संपलं. आता वर्षांचा रकाना बघा: २००५नंतर थेट २०१२. मार्लिन्सनेच त्याला एका दिवसाचा करार दिला, समोर त्या मोसमात साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) मिळवणारा आर. ए. डिकी, आणि तीन चेंडूंत स्ट्राइकआउट, म्हणजे बाद. दुसरी खेप ती. मात्र 'ओबीपी', म्हणजे बेस गाठण्याचं प्रमाण, अंगावर बसलेला चेंडूही धरतो, म्हणून तिथे .५०० दिसतं.

उलट टोकाला जॉन पॅचोरेक. सरासरी १.०००! ह्यूस्टन कोल्ट .४५ज (हे संघाचं नाव), २९ सप्टेंबर १९६३, वय १८: तीन एबीत तीन हिट, दोन वॉक, चार रन. भुलू नका, तारीख बघा. मोसमाचा शेवटचा दिवस. अशा वेळी क्लब पोरांना आजमावून बघतात.

मूनलाइट ग्रॅहमच्या १९०५च्या ओळीत फलंदाजीचं काहीच नाही, कारण त्याची पाळीच आली नाही. अशा वेळी क्षेत्ररक्षणाचा तक्ता उघडावा: राइट फील्ड, एक सामना.

शेवटी मायनर लीगचं, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धांचं, पान उघडाच. हे बहुतेक जण टाळतात, मला ते कधी कळलं नाही. पॅचोरेकच्या पाठीवर पुढे शस्त्रक्रिया झाली, तरी तो १९६९पर्यंत तिथे खेळत होता.