पेसमेकर बसवलाय? या चुका टाळा (अर्ध्या मी स्वतः केल्यात)

मला पेसमेकर बसून ७ वर्षं झाली. पूर्ण हार्ट ब्लॉक होता, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला ठोक्याचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता, नाडी ३५ वर आलेली, मेथी निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधारी यायची. तेव्हापासून नात्यात, सोसायटीत कुणालाही बसवला की फोन मला येतो आणि दर वेळी तेच घोळ. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

पेसमेकरची डबी बहुतेक वेळा डाव्या खांद्याखाली छातीवर कातडीच्या आत बसवतात, म्हणून पहिला घोळ म्हणजे डावा हात बांधून ठेवणं. डॉक्टर सांगतात, ४ ते ६ आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, जड उचलायचं नाही. लीडचं, म्हणजे वायरचं टोक हृदयात आतून नीट पकडायला तेवढे दिवस लागतात, त्याआधी हिसका बसला तर ते सुटू शकतं. पण हॉस्पिटलमधून घरी येईपर्यंत "वर नेऊ नका"चं "हलवूच नका" होतं. आमच्याकडे तर सासूबाईंनी ओढणीची झोळी करून हात गळ्यातच अडकवला, आणि मीही घाबरट, अडीच महिने तशीच. झोळी सोडली तेव्हा खांदा आखडून लाकूड झालेला. केसापर्यंत हात जाईना. नणंद रोज सकाळी वेणी घालून द्यायची, ५२ व्या वर्षी मी शाळकरी पोरीसारखी तिच्यापुढे पाटावर बसलेली.

मग फिजिओ. त्या भल्या माणसाने मशीन ओढलं, खांद्याला पॅड लावले आणि म्हणाला, "काकू, थोडं गरम वाटेल हं." मी सहज विचारलं हे काय आहे, तर म्हणे डायथर्मी, म्हणजे शेकच. मी म्हटलं मला पेसमेकर आहे, चालेल ना? चटका बसावा तसा हात मागे घेतला त्याने! त्या शेकाची ऊर्जा लीडमधून आत जाऊन टोकाशी हृदयाचा स्नायू भाजू शकते, म्हणून पेसमेकरवाल्यांना डायथर्मी पूर्ण बंद. त्याने विचारलं नव्हतं हे खरं, पण मीही सांगितलं नव्हतं, पेसमेकरचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, घरी कपाटात साड्यांखाली. आता कुठल्याही दवाखान्यात गेले की बसायच्या आधी कार्ड टेबलावर. दातवाला असो, मोतीबिंदू असो, एमआरआय असो (एमआरआय बऱ्याच नव्या पेसमेकरना चालतो, पण मॉडेल बघून आणि सेटिंग बदलून मगच).

तर हात हलवायचा. कोपर खाली ठेवून कप उचला, भाजी चिरा, कणीक मात्र दुसऱ्याला मळू द्या. आणि उलट टोकाचेही असतात, दहाव्या दिवशी गॅस सिलिंडर उचलणारे. त्यांना मी फोनवर समजावत नाही आता, सरळ त्यांच्या बायकोला फोन द्यायला सांगते.

दुसरा माझा राग म्हणजे चाळा. कातडीखाली डबी हाताला लागते, मग लोक दाबून बघतात, सरकवून बघतात. आमचे एक चुलत दीर टीव्ही बघता बघता शर्टात हात घालून ती फिरवत बसायचे, सांगितलं तर म्हणायचे "अगं, काही होत नाही". काही महिन्यांनी पुन्हा चक्कर. एक्सरेत दिसलं, लीड डबीभोवती रिळाच्या दोऱ्यासारखी गुंडाळली गेलेली आणि टोक जागेवरून निघालेलं. पुन्हा ऑपरेशन. डॉक्टरांकडे याला नावसुद्धा आहे, ट्विडलर सिंड्रोम, म्हणजे भावजी काही पहिले नव्हेत. आंघोळीच्या वेळी डबीच्या जागी लाली, सूज, पाणी येतंय का तेवढं बघा आणि तसं काही दिसलं तर हळद न लावता डॉक्टरकडे जा.

"बॅटरी १० वर्षं चालते, मग चेकअपला कशाला जायचं?" असं विचारणाऱ्यांना: सुरुवातीला करंट मुद्दाम जास्त ठेवतात, साधारण ३ महिन्यांनी तपासून कमी करतात, त्यानेच बॅटरीची वर्षं वाढतात. अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे वाचवायला जाऊन वर्षं घालवू नका. आणि ती चार्ज होत नाही, संपत आली की अख्खी डबी बदलतात.

बाकीचं भराभर. मोबाइल डबीपासून ६ इंच लांब, म्हणजे ब्लाउजमध्ये किंवा शर्टाच्या डाव्या खिशात नको. बोलताना उजवा कान. इंडक्शनपासून २ फूट, मी तर गॅसच वापरते. मायक्रोवेव्ह चालतो, उगाच बाऊ नको. चुंबकाची गादी विकायला कुणी आलं तर दारातूनच परत. मंदिरातल्या मेटल डिटेक्टरखालून न थांबता चालत जा, हातातलं यंत्र छातीवर धरू नका म्हणून सांगा. बीपीच्या गोळ्या पेसमेकर बसला म्हणून बंद होत नाहीत, हे मला आठवड्याला एकदा तरी सांगावं लागतं.

आणि एक, जे कुणी बोलत नाही. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, आगीत बॅटरी फुटते. मी हे जेवताना काढलं तर सून म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" आणि ताट घेऊन उठली. मग मीच चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या पाकिटात मागे ठेवलंय, मुलाला दाखवून.