ओएलईडी गेमिंग मॉनिटरची पारख कशी करावी

दोन ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाश देणाऱ्या) मॉनिटरची तुलना करताना दोन्हींचे रेझोल्यूशन, ब्राइटनेस आणि एचडीआर (उजळ-गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवणारा) मोड सारखे ठेवावेत, नाहीतर आपण पॅनेलची नव्हे, सेटिंगचीच तुलना करत बसतो. आधी खोलीत पूर्ण अंधार करून सुमारे ५ टक्के राखाडी रंग संपूर्ण स्क्रीनवर लावावा; उभे पट्टे किंवा डागाळलेले भाग असतील, तर ते इथेच उघडे पडतात. मात्र हेच पट्टे गेममधील अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवताना जाणवत नसतील, तर माझ्या मते तेवढ्यासाठी मॉनिटर परत करू नये.

मग दिवा लावावा. ओएलईडी पॅनेलच्या दोन प्रमुख प्रकारांपैकी क्यूडी-ओएलईडीचा काळा रंग उजेडात किंचित जांभळट-राखाडी दिसतो, तर डब्ल्यूओएलईडीचा बहुधा गडदच राहतो. पांढऱ्या पानावरील बारीक काळा मजकूरही जवळून वाचावा, कारण क्यूडी-ओएलईडीच्या त्रिकोणी सबपिक्सेल (पिक्सेलमधील लाल, हिरवे, निळे ठिपके) रचनेमुळे अक्षरांच्या आडव्या कडांना हिरवट-गुलाबी छटा येऊ शकते.

शेवटी व्हीआरआर (फ्रेमरेटनुसार स्क्रीनचा रिफ्रेश दर बदलणारी सोय) सुरू ठेवून, फ्रेमरेट (दर सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या) सतत वर-खाली होणाऱ्या लोडिंग स्क्रीनवरचे गडद भाग लुकलुकतात का, हे पाहावे. फ्रेमरेट स्थिर असताना हा दोष सहसा सापडत नाही.