‘नवे-जुने’ इथे होत नाही: घरावर जप्ती चालू असताना दुसरे गृहकर्ज

गेल्या दिवाळीत सावद्याला घरी होतो, तेव्हा माझे मावसभाऊ ओट्यावर बसून मुलाची काळजी सांगत होते. मुलाने न्यू जर्सीत एडिसनला घर घेतले होते. पुढे नोकरी गेली, आणि एच-१बी व्हिसावर नोकरी सुटल्यानंतर फार तर साठ दिवसांची सवलत असल्यामुळे, डॅलसला जी मिळाली ती त्याने पत्करली. एडिसनचे घर रिकामे राहिले, पाच हप्ते थकले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने कोर्टात दावा लावला. आता त्याला डॅलसजवळ चांगली शाळा बघून दुसरे घर घ्यायचे होते. भाऊंनी विचारले, “मार्चअखेरीला आपण सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करतो, तसं त्याला तिकडं नाही का करता येणार?”

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या भागांतून अमेरिकेत येणाऱ्या पुष्कळांच्या मनात हाच हिशोब असतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. आपल्याकडे ३१ मार्चच्या आत कुठून तरी हातउसने घेऊन पीककर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलून ते हातउसने फेडायचे, ही रीत इतकी मुरलेली आहे की थकबाकी म्हणजे कागदोपत्री वळवता येणारी गोष्ट, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील गृहकर्जाला ही रीत लागू होत नाही. एका घरावर जप्तीची कारवाई चालू असताना दुसऱ्या घरासाठी नेहमीच्या दराने, नेहमीच्या बँकेकडून कर्ज मिळत नाही, आणि ते मिळवून देतो असे सांगणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या दलालीचा विचार करत असतो.

आधी एका शब्दाबद्दल. जळगावच्या बँकेत ‘फोरक्लोजर’ म्हणजे मुदतीपूर्वी सगळे कर्ज फेडून खाते बंद करणे, म्हणजे अभिमानाने सांगायची गोष्ट. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ हप्ते थकल्यामुळे घर जप्त होऊन विकले जाणे असा आहे. माझ्या ओळखीच्या एका नवीन आलेल्या गृहस्थांनी अर्जात ‘मागील सात वर्षांत फोरक्लोजर झाले आहे का’ या प्रश्नापुढे मोठ्या समाधानाने ‘होय’ अशी खूण केली, कारण त्यांनी भुसावळच्या फ्लॅटचे कर्ज वेळेआधी फेडले होते. त्यांचा अर्ज तिथेच अडकला आणि खुलासा करण्यात तीन आठवडे गेले.

उलट चूक त्याहून महाग पडते. जप्ती अजून पूर्ण झालेली नाही, म्हणून त्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर अक्षरशः खरे ठरू शकते. परंतु त्याच भागात, आपल्यावर आर्थिक जबाबदारी येऊ शकेल अशा एखाद्या दाव्यात आपण पक्षकार आहात का, असाही प्रश्न असतो, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात जप्ती कोर्टामार्फतच होत असल्यामुळे त्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच द्यावे लागते. शिवाय थकलेले हप्ते पतअहवालात दिसतातच. गृहकर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघराज्याचा गुन्हा आहे. त्याला तीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड अशी तरतूद आहे, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये. जळगावला घराचे कर्ज चालू असेल, तर ते इथल्या पतअहवालात दिसत नाही, तरीही अर्जात ते दाखवावेच लागते.

आता मुदतींकडे वळतो, कारण माझी स्वतःची चूक तिथेच झाली. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या कंपनीच्या नियमांनुसार, म्हणजे इथल्या बहुसंख्य साध्या गृहकर्जांना जे नियम लागतात त्यांनुसार, जप्ती पूर्ण झाल्यापासून सात वर्षे नवे कर्ज मिळत नाही. नोकरी जाणे, गंभीर आजार यांसारखे आपल्या हाताबाहेरचे आणि पुन्हा पुन्हा न घडणारे कारण कागदपत्रांनी सिद्ध केले, तर ही मुदत काही अटींवर तीन वर्षांवर येते. यातला ‘पूर्ण झाल्यापासून’ हा शब्दप्रयोग मी नीट वाचला नव्हता. इथल्या माझ्या स्वतःच्या घराचे हप्ते २००९ साली थकले, दावा त्याच वर्षी लागला, पण कोर्टाच्या गतीने शेरीफचा लिलाव होऊन घराची मालकी बदलायला २०१२ उजाडले. मी २००९ पासून बोटे मोजत २०१६ मध्ये कर्जाच्या कचेरीत गेलो, तेव्हा समोरच्या बाईंनी मालकी बदलल्याच्या दस्तावरील तारखेवर पेन्सिलीने गोल केला आणि शांतपणे सांगितले की आपण २०१९ मध्ये यावे. घर जितके दिवस अडकून राहील तितके दिवस फुकटात राहता येते, असे मला त्या काळात अनेकांनी सांगितले होते आणि मी ते ऐकले होते. ती तीन वर्षे फुकटातली नव्हती.

म्हणून जप्ती चालू असलेल्या माणसाने नव्या घराच्या जाहिराती बाजूला ठेवून, जुने प्रकरण जप्तीपर्यंत न जाता कसे मिटेल, हे प्रथम पाहावे. यासाठी कायद्याने थोडी उसंत दिली आहे. हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, जिला इथे सर्व्हिसर म्हणतात, साधारणपणे थकबाकी १२० दिवसांहून अधिक झाल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही; आणि लिलावाच्या तारखेला ३७ दिवसांहून अधिक अवधी असताना मदतीचा संपूर्ण अर्ज तिच्याकडे पोहोचला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत तिला लिलाव करता येत नाही. यातला ‘संपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एक पगारपत्रक कमी असले तरी अर्ज अपुरा ठरू शकतो. सरकारच्या गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेले सल्लागार हा अर्ज भरायला विनामूल्य मदत करतात. जप्ती थांबवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या कंपन्यांना तसे पैसे घेण्याची मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासमध्ये मात्र बहुतेक जप्त्या कोर्टाविना होतात आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ठरलेल्या जागी होतो, त्यामुळे न्यू जर्सीचा अनुभव सांगणाऱ्या मित्राच्या भरवशावर तिथे थांबू नये.

घराची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल, तर सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे ते आपणच बाजारभावाने विकून कर्ज पूर्ण फेडणे. मग नोंदीत जप्ती येत नाही, फक्त उशिराचे हप्ते राहतात. साठ दिवसांहून अधिक थकलेला हप्ता मागील बारा महिन्यांत नसावा, अशी अट तेव्हा मुख्यतः आड येते. पतअहवालातले गुण घसरलेले असतातच, पण एक वर्ष आणि सात वर्षे यांतला फरक सांगायला नको. किंमत कर्जापेक्षा कमी असेल, तर कंपनीच्या संमतीने तोट्यात विक्री करणे किंवा घर स्वखुशीने तिच्या नावे करून देणे हे मार्ग उरतात. त्यांची मुदत चार वर्षे आहे आणि सिद्ध झालेल्या अडचणीत दोन. उरलेली रक्कम माफ झाली, तर ती कराच्या दृष्टीने उत्पन्न धरली जाऊ शकते, म्हणून सही करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे.

जप्तीनंतर तीन वर्षांनी कर्ज देणारी एफएचए ही सरकारी विम्याची योजना असते ना, असे काही जण म्हणतात. ती आहे, परंतु २५ मे २०२५ पासून ती फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासारख्यांनाच खुली आहे. एच-१बीवरच्या माणसाला तिचा उपयोग नाही. जप्तीनंतर लगेच कर्ज देणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. त्या घराच्या किमतीचा मोठा हिस्सा आधी रोख मागतात आणि व्याज चढे लावतात. माझ्या मते त्यापेक्षा भाडे बरे.

पत्नीच्या नावावर घेण्याचा विचार बहुतेक घरांत निघतो. जुन्या कर्जाच्या वचनपत्रावर तिची सही नसेल, तिला काम करण्याची परवानगी असेल आणि तिच्या एकटीच्या पगारात हप्ता बसत असेल, तर ते कायदेशीर आहे. यांतली एक जरी अट लटकी असेल, तर ते नव्या घराचे संकट होते.

भाऊंनी त्या संध्याकाळी विचारले की केळीचे पैसे आले आहेत, ते मुलाच्या नव्या घरासाठी पाठवू का. मी सांगितले की पाठवायचेच असतील तर जुन्या थकबाकीसाठी पाठवा. न्यू जर्सीत अंतिम निकाल लागेपर्यंत थकबाकी आणि खर्च भरून कर्ज पुन्हा चालू करता येते, आणि त्यासाठी सर्व्हिसरकडून नेमक्या रकमेचे लेखी पत्र मागवावे लागते. वर्षाला १० लाख रुपयांहून अधिक रक्कम भेट म्हणून पाठवली, तर वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत मिळवता येतो, पण तोवर पैसे अडकतात. परदेशातून वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक भेट आली, तर मुलाने अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म ३५२० भरणे आवश्यक असते.

मुलाने ते पैसे घेऊन थकबाकी भरली आणि नंतर एडिसनचे घर विकले. डॅलसला तो आता त्याच शाळेच्या हद्दीत भाड्याने राहतो. घरमालकाने पतअहवाल मागितला होता, तेव्हा त्याने कर्ज फिटल्याचे पत्र पुढे ठेवले आणि दोन महिन्यांची अनामत दिली. त्या पत्राच्या तीन प्रती त्याने करून घेतल्या आहेत. एक सावद्याला कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत आहे.